फुगडीत सुटलेला हात

अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पानोपानी असतील. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, बडोद्याच्याच मराठी शाळेत. धाकटा भाऊ झाला आणि आईने अंथरूण धरलं, तेव्हा मला घरी बसवलं ते कायमचं. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते मापांच्या वहीत. छाती, कंबर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा. ही वहीसुद्धा तीच आहे, मागची काही पानं कोरी होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती पडलीच, तर त्या माणसाने हसू नये.

आणखी एक सांगते. जिच्याबद्दल लिहायचं आहे ते माझं एकुलतं एक मूल. दवाखान्यात नर्सने मुलगा झाला म्हणून सांगितलं, पेढे वाटले गेले, आणि पुढची वीस वर्षं आम्ही तिला मुलगाच म्हणत होतो. इथे मात्र मी पहिल्यापासून तिला ती असंच लिहिणार आहे. दोन तऱ्हेने लिहीत बसले तर मलाच समजणार नाही की मी कुणाबद्दल लिहिते आहे.

आमचं घर बडोद्यातच, गोरव्याला, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि जिन्याकडे उघडणारं एकच दार. ह्यांचे आजोबा सरकारच्या पागेत घोडेस्वार होते. घोडे गेले, पागा गेली, सरकारही गेलं. घरात उरली एक तलवार आणि मिशा. तलवार दसऱ्याला खाली निघायची आणि तिला हळदकुंकू फक्त पुरुषांनी लावायचं. मिशा ह्यांना होत्या. हे इंजिनिअरिंगच्या कारखान्यात लेथवर होते. मी घरी ब्लाऊज शिवायचे.

गिऱ्हाइकं बायकाच, तरी मी त्यांच्याशीही नीट बोलू शकत नसे. बहुतेक जणी मापाचा जुना ब्लाऊज देऊन जात, म्हणून माझं निभावलं. कुणी पुरुष आला, दूधवाला असो की ह्यांचा दोस्त, तर मी आतल्या दाराच्या आड उभी राहायचे. उजव्या पायावर डावा पाय ठेवून, पदर मुठीत धरून. तिथून मला बाहेरचं सगळं ऐकू यायचं, मी कुणाला दिसायचे नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी त्या दाराच्या आड काढली. कुणी मला तिथे बांधलं नव्हतं. पण सुटायचं कसं हेही माहीत नव्हतं.

ती लहान असताना माझ्या मशीनच्या खाली बसायची. पायटा खालीवर व्हायचा, ती त्याच्या तालावर डोकं हलवायची. चिंध्यांची साडी करून बाहुलीला नाही, स्वतःला गुंडाळायची. सासूबाई म्हणायच्या, "लहान आहे, करू दे." पाच वर्षांची होईपर्यंत लहान होती. आठ वर्षांची झाली तरी लहान होती. मग एक दिवस अचानक मोठी झाली.

तो दिवस गौरींचा. आमच्याकडे उभ्या गौरी असतात. शेजारच्या मराठी बायका दुपारी जमायच्या, पुरणाचं जेवण झालं की पाट, ताटं बाजूला सारून फुगड्या. वर्षभर तोंड न उघडणारी मी, पण फुगडीत मला कुणी हरवत नसे. तिथे बोलावं लागत नाही ना. हात फुलीसारखे धरायचे, पायाला पाय भिडवायचे, मागे रेलायचं आणि गरगर फिरायचं. आपण पडत नाही ते केवळ समोरचीने धरलेलं असतं म्हणून.

त्या वर्षी ती दहा पूर्ण झाली होती. दरवर्षीसारखी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हात पुढे केले. मी धरले. आम्ही फिरायला लागलो. तिचं ते हसणं अजून माझ्या कानात आहे. बायका टाळ्या वाजवत होत्या. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अगं बाई! पोरगा आहे की पोरगी? एवढा घोडा झाला आणि बायकांत काय नाचतोय! सोड त्याला!"

मी सोडलं.

फिरताफिरता सोडलं. फुगडी आधी हळू करायची असते, थांबवायची असते, मग हात सोडायचे असतात. हे आमच्यातल्या पाच वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. पण मला कुणी मोठ्याने काही सांगितलं की माझे हातपाय माझे राहत नसत. ती मागच्या मागे गेली, मशीनच्या बिडाच्या पायावर आपटली, हनुवटी फुटली. तीन टाके पडले. दवाखान्यात ती रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, तू सोडलंस."

त्यानंतर गौरी आल्या की तिला ह्यांच्याबरोबर बाहेर पाठवायचे.

बडोद्यात एक बरं आहे, नवरात्रात सगळेच नाचतात. पुरुषांनी गरबा केला तर कुणी नाव ठेवत नाही. ती सोळा वर्षांची असताना ह्यांनी स्वतः केडियूसाठी कापड आणलं. केडियू म्हणजे छातीपर्यंत घट्ट आणि खाली फ्रॉकसारखा चुण्यांचा झगा, पण तो पुरुषांचाच पोशाख. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, घेर जास्त टाक ना." मी दुप्पट टाकला. आभले, म्हणजे बारीक आरसे, लावले, कडेने लाल फीत लावली. गरब्यात तिने पहिली गिरकी घेतली आणि तो घेर छत्रीसारखा उघडला. हे शेजाऱ्यांना कोपराने ढोसत होते, "बघा, पागेतलं रक्त आहे!"

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन कौतुकाने म्हणाल्या, "तमारो छोकरो तो छोकरीओ करतां पण सरस फरे छे!"

मुलींपेक्षा छान फिरतो. ह्यांचा कोपर थांबला. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाचं निमित्त निघालं.

ते दिवस इंजिनिअर होण्याचे होते. नव्या कंपन्या येणार, काँप्युटर येणार, लेथवाल्यांना कुणी विचारणार नाही, असं हे रोज म्हणायचे. ते खरंच होतं. कारखान्यात जुनी माणसं कमी करून कंत्राटी घ्यायला सुरुवात झाली होती. तिला मार्क कमी पडले, म्हणून जास्त फी भरून नव्या कॉलेजात जागा घेतली. ह्यांनी कारखान्याच्या सोसायटीतून चाळीस हजारांचं कर्ज काढलं. एवढी रक्कम मी कधी एकत्र ऐकलीही नव्हती.

दुसऱ्या वर्षी हे काही कामाने कॉलेजात गेले, तर तिथे कळलं की मुलगा कितीतरी महिने आलेलाच नाही. ती सायकलवर घरून निघायची, ती गावातल्या एका नाचाच्या बाईंकडे जायची. हा नाच ना भरतनाट्यम, ना गरबा. त्या बाई बाहेरगावी शिकून आल्या होत्या. नव्या तऱ्हेचा नाच, त्याला घुंगरू लागत नाहीत, कधी गाणंही लागत नाही.

ह्यांनी तिला समोर उभं केलं. मी मशीनवर होते.

"नाचायला गेलास? चाळीस हजार भरून नाचायला?"

ती म्हणाली, "बाबा, मी मुलगा नाही. आतून नाही. बाहेर सगळीकडे मला मुलासारखं वागावं लागतं. कसं चालायचं, कसं बसायचं, सगळं आठवून आठवून. तिथे नाचताना आठवावं लागत नाही."

"म्हणजे काय? त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत जाणार आहेस?"

"नाचणार आहे. मुलगी म्हणून."

मला तोवर तेवढंच माहीत होतं, बाळ जन्मल्यावर दारात येऊन टाळ्या वाजवणाऱ्या, ज्यांना लोक शिधा देतात आणि घाईने दार लावून घेतात त्या. तिचं दार आपण लावणार आहोत, एवढंच मला दिसत होतं.

हे ओरडले. "मग आधी माझे पैसे परत कर! एम ने एम, फुकट नाही आले ते, लेथवर उभं राहून आलेत. चाळीस हजार फेड, मग बाई हो, बुवा हो, नाहीतर पागेतला घोडा हो! तोवर ह्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा पाय पायट्यावर चालूच होता. सुईखाली कापड नव्हतं, सुई नुसतीच खालीवर होत होती. मी म्हणाले, "जेवून तरी जा."

एवढंच म्हणाले. ती जेवली नाही. एका पिशवीत चार कपडे घेतले. तो केडियू घेतला. पायऱ्या उतरताना तिचा पाय कुठे वाजला नाही.

ह्यांनी रागाच्या भरात म्हटलं होतं. पोरगा चार दिवसांनी परत येईल, असंच त्यांना वाटत असणार. पण ती त्यांचंच मूल. तिने शब्द शब्दासारखा घेतला. पाच महिन्यांनी, त्या नाचाच्या बाई जिथे शिकल्या होत्या त्या बंगलोरहून, पहिली मनीऑर्डर आली, पाचशे रुपयांची, ह्यांच्या नावाने. पाठवणाऱ्याच्या जागी आम्ही ठेवलेलं नाव. खालच्या चिठोऱ्यावर, जिथे दोन ओळी मजकूर लिहायला जागा असते, तिथे लिहिलं होतं, "सोसायटीसाठी."

मग दर महिन्याला येत गेल्या. कधी मध्ये दोन महिने कोरडे जायचे, मग मी पोस्टमनच्या वेळेला मशीन थांबवून जिन्याकडे कान लावायचे. पोस्टमन आला की हे दारात सही करायचे, मी आतल्या दाराआड. नोटा हे सोसायटीत भरून यायचे. चिठोरी टोपलीत टाकायचे. ती मी काढून मशीनच्या खणात ठेवायचे, बॉबिनच्या डब्यात. "सोसायटीसाठी." "सोसायटीसाठी." तेवढंच अक्षर मला माझ्या मुलीचं मिळायचं. वाईट वाटेल लिहायला, पण पैसे फिटू नयेत असंच मला वाटायचं. फिटले तर हेही थांबेल.

मी कधी पत्र लिहिलं का? नाही. पत्ता फॉर्मवर असायचा. लिहायला काय, "जेवून जा" च्या पुढे मला सुचलंच नसतं.

सासूबाई गेल्या. ह्यांचा कारखाना बंद पडला, हे घरी बसले, सोसायटीचं कर्ज मात्र चालूच राहिलं. आता तर दार दिवसभर ह्यांच्या ताब्यात.

चौथ्या वर्षी एका थंडीत चिठोऱ्यावर एक ओळ जास्त होती. "शनिवारी सहा वाजता बडोद्यात माझा नाच, नाचाच्या कॉलेजचा हॉल. आईला सांगा."

ह्यांनी ते वाचलं आणि टोपलीत टाकलं. मला सांगितलं नाही. मी ते टोपलीतून काढून वाचलं आणि मीही त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी मी म्हणाले, "मांडवीला जाऊन येते. हूक आणि बटणं संपली." आयुष्यात ह्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. खरं करण्यासाठी मी आधी मांडवीला गेलेच, हूक घेतले, पुडी हातात धरूनच हॉलमध्ये शिरले. शेवटच्या रांगेत भिंतीला चिकटून बसले. सगळी कॉलेजची मुलं. मला वाटलं, कुणीतरी विचारणार, बेन, तुम्ही इथे कुठे?

दिवे गेले. गाणं नाही, तबला नाही. आधी नुसता आवाज आला, खटखट, खटखट. मी अंगाने ओळखला. शिलाई मशीनचा पायटा.

उजेड झाला तेव्हा स्टेजवर एक लाकडी चौकट होती, दाराची, नुसतीच उभी. तिच्या आड माझी मुलगी. केस मानेपर्यंत, डोळ्यांत काजळ, अंगात मी शिवलेला तो केडियू. उजव्या पायावर डावा पाय. मूठ छातीशी, पदर नसताना पदर धरलेली.

ती मी होते.

ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग खांदा चौकटीबाहेर यायचा आणि आत जायचा. बोटं यायची आणि आत जायची. माझ्या पुढे बसलेला मुलगा मैत्रिणीला म्हणाला, "तने कंई समजाय छे?" ती म्हणाली, "ना रे. चूप बेस, मॅडम जुए छे." दोघंही, मॅडम बघतायत म्हणून, दबकं हसली. मला मात्र सगळं समजत होतं. शिकलेल्यांच्या हॉलमध्ये बसून फक्त मला समजतंय, असं पहिल्यांदाच झालं.

मला वाटायचं, मी त्या दारामागे कुणाला दिसत नाही. ती मशीनखाली बसून बघत होती. मी ज्यात कोंडले गेले होते तेच ती शिकत होती, कारण तिला शिकायला दुसरी बाई घरात कोण होती? आणि मला नको झालेलं ते बाईपण तिला कुणी घेऊ देत नव्हतं. मी आतून बाहेर येऊ शकत नव्हते, ती बाहेरून आत. चौकट एकच.

मग ती चौकटीतून बाहेर आली. मधोमध उभी राहिली, हात फुलीसारखे पुढे केले आणि मुठी मिटल्या. समोर कुणी नाही. मागे रेलली आणि फिरायला लागली. एकटीने फुगडी. ती होऊच शकत नाही, माणूस पडतो. ती पडली. मागच्या मागे पडली, हॉलमध्ये आवाज झाला. उठली, हनुवटीला हात लावला, पुन्हा हात पुढे केले. पुन्हा पडली. किती वेळा, मला माहीत नाही, मी खाली बघत होते. हुकांच्या पुडीला घाम सुटला होता. शेवटी वर पाहिलं तेव्हा ती फिरतच होती. रेलून, समोर कुणी नसताना, केडियूचा घेर पूर्ण उघडलेला. कशाच्या आधाराने, देव जाणे. तशी फिरत असतानाच दिवे गेले.

बाहेर पायऱ्यांवर तिच्याभोवती घोळका होता. मी झाडाशी उभी होते. तिने मला पाहिलं. मान थोडी वर केली, हनुवटीचा व्रण उजेडात आला. मला दहा पावलं जायची होती. मी म्हटलं, बस चुकेल. दर वीस मिनिटांनी बस होती. मी हूक घेऊन घरी आले.

"एवढा उशीर?" ह्यांनी विचारलं.

"गर्दी होती," मी म्हणाले.

पुढचा महिना कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. मला वाटलं, झालं, आता तिनेही सोडलं. तिसऱ्या महिन्यात पोस्टमन आला. हे सहीला पुढे झाले, तर तो म्हणाला, "साहेब, तमारा नामनुं नथी. बेनना नामनुं छे."

फॉर्मवर माझं नाव होतं, पूर्ण. आणि पाठवणाऱ्याच्या जागी एक मुलीचं नाव, पुढे आमचं आडनाव.

ह्यांनी ते वाचलं. आत आले, माझ्याजवळून गेले आणि म्हणाले, "त्या नावाचे पैसे ह्या घरात नकोत. परत पाठव म्हणून सांग पोस्टमनला."

म्हणजे सांगायचं तर मलाच होतं. मी दारात आले. पोस्टमन पेन पुढे धरून उभा होता. वरच्या जिन्यावर शेजारीण चाळणी घेऊन थांबली होती, तांदूळ चाळायचे सोडून.

"बेन, आ नाम नवुं छे," पोस्टमन म्हणाला. "कोण छे आ?"

माझे पाय एकमेकांवर चढले होते. मी ते खाली ठेवले.

"मारी दीकरी."

"तमारे तो दीकरो हतो ने?" तुम्हाला तर मुलगा होता ना, असं तो विचारत होता.

"दीकरी छे," मी म्हणाले. जरा मोठ्याने झालं. वरची चाळणी हलली.

त्याने खांदे उडवले. "सारुं. अहीं सही करो. नाम गमे ते होय बेन, पैसा खोटा नथी."

नाव काही का असेना, पैसे खरे. मी सही केली. पेन कागदात घुसलं इतकी दाबून केली. चिठोऱ्यावर "सोसायटीसाठी" नव्हतं. लिहिलं होतं, "हूक मिळाले का?" हातातली पुडी तिला तेवढ्या लांबून दिसली होती.

मी नोटा मशीनवर ठेवल्या. ह्यांनी हात लावला नाही. मी मशीन चालवलं नाही, नाहीतर त्या पडल्या असत्या. चार दिवस दोघंही त्या नोटांना वळसा घालून हिंडत होतो. शिवायचे ब्लाऊज साठले. पाचव्या दिवशी मी आंघोळ करून आले तर नोटा नव्हत्या, आणि कोपऱ्यात ह्यांची सोसायटीची पावती होती. ते वरणभात जेवले, वर्तमानपत्र वाचलं.

त्यानंतरच्या सगळ्या मनीऑर्डरी माझ्या नावाने आल्या, तिच्या नावाने आल्या. मी दारात जाऊन सही करायचे. हे त्या वेळी आतल्या दाराच्या आड उभे असायचे. चिठोऱ्यांवर कधी "मुंबईत नाच झाला", कधी "गुडघा दुखतो", कधी "बाबांचा बीपी?" असं. मी उत्तर मात्र दिलं नाही. दारापर्यंत आले होते, दाराबाहेर नाही.

काल शेवटची आली. ती मोठी होती, राहिलेली सगळी रक्कम एकदम. चिठोऱ्यावर काही नव्हतं, कोरं. त्या कोऱ्या जागेनेच मी घाबरले. आता बोलायची पाळी आमची, असं ते वाटत होतं.

आज सकाळी हे इस्त्रीचा सदरा घालून सोसायटीत गेले. दुपारी आले. शिक्क्याचा कागद मशीनवर ठेवला, जिथे त्या नोटा ठेवल्या होत्या तिथेच.

मी विचारलं, "मग आता?" लग्नाच्या इतक्या वर्षांत मी ह्यांना असं उलट विचारलं नव्हतं.

ते चप्पल काढत होते. ती काढायला त्यांना फार वेळ लागला. "मग काय," ते म्हणाले. "मी पैशाचं म्हणालो होतो."

"आणि उंबऱ्याचं?"

"पैसे फिटेपर्यंत, असं म्हणालो होतो," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून.

ते हो होतं की नाही, मला समजलं नाही. कदाचित त्यांनाही नसेल. इतकी वर्षं त्यांच्या हातात ते कर्ज होतं आणि माझ्या हातात त्यांचा शब्द. दोघंही त्याच्या आड उभे होतो.

मी वहीचं एक पान फाडलं, मधलं, म्हणजे टाका निघणार नाही. वर लिहिलं की येत्या आठवड्यात गौरी आहेत, फुगडीला माझ्यासमोर कुणी नाही. पुष्कळ वेळ बसून पुढचं वाक्य लिहिलं, "ह्या वेळी सोडणार नाही." टपालपेटी नाक्यावर आहे, अजून टाकायला गेलेले नाही. चप्पल मात्र घातली आहे. ह्यांनी विचारलं तर हुकांचं सांगणार नाही.

त्या पानाच्या शेवटी, शिक्क्याचा कागद समोर ठेवून, त्यावर होतं तसंच उतरवून काढलं, म्हणजे चूक व्हायला नको: सोसायटीचं कर्ज आज पूर्ण फिटलं.